‘ऐक ना’ची चाल

९ जानेवारी

आज हिनं पाणी मागितलं. बोट दाखवून नाही, ग्लास आपटून नाही, चक्क तोंडानं. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून पहिल्यांदाच. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर माझी डायरी दरवर्षी तीन तारखेलाच दम तोडते.

थेरपिस्ट बाई म्हणतात, हिला कळतं सगळं. बोलण्याचा रस्ता तेवढा खचला आहे. गाण्याचा रस्ता मेंदूच्या दुसऱ्या बाजूनं जातो, तो शाबूत आहे. म्हणून रोजचे शब्द चालीवर बसवून द्यायचे, डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायचा आणि गात गात मागायचं. “तुम्ही संगीतकार आहात म्हणजे माझं निम्मं काम झालंच,” म्हणाल्या. संगीतकार! सायकलचे टायर, कपड्यांचा साबण आणि गुडघ्यांचं मलम यांच्या जाहिरातींना मी चाली लावतो. पण बाईंची चूक दुरुस्त करावी इतका मी प्रामाणिक नाही.

चाल अगदी साधी केली. ‘ऐक ना, ऐक ना, जरा माझं ऐक ना’, आणि त्याच्यापुढे जे हवं ते जोडायचं. चार दिवस नुसते ओठ हलत होते. आज सकाळी टेबलावर टकटक ऐकू आली, म्हणून वळून पाहिलं तर ही ठेका धरून बसलेली. “ऐक ना, ऐक ना, जरा माझं ऐक ना, पाणी दे ना.” शेवटचा ‘ना’ थोडा घसरला. मी पाणी आणायचं सोडून रडत बसलो, तर तिनं तेच पुन्हा गायलं, या वेळी जरा चिडून.

२२ जानेवारी

ही वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर सत्तावीस वर्षं बसली. तिथं भांडायला आलेली माणसं हिच्याशी बोलून शहाण्यासारखी परत जायची. आता तीच जीभ चालीवर स्वार होऊन परत येते आहे. आज मला ऐकवण्यात आलं, “ऐक ना, ऐक ना, जरा माझं ऐक ना, दाढी कर ना.” दूधवाल्याला ऐकवलं, “पातळ आहे ना.” तो बिचारा हसावं की रडावं या विचारात पडला.

लेक आली होती दोन दिवस. ती पोहायला शिकवते आणि दिवसभर तलावाच्या काठावरून ओरडत असते. संगीतकाराच्या पोटी असा गळा कसा आला हे देवालाच ठाऊक. तिनं आईबरोबर ‘ऐक ना’ म्हणायचा प्रयत्न केला, तेव्हा हिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि खळखळून हसली. लेक मला म्हणाली, “बाबा, तुझी आत्तापर्यंतची ही सगळ्यात भारी चाल आहे.” बरं वाटलं. मग वाटलं, भारी आहे, पण ऐकणारी माणसं तीन.

४ फेब्रुवारी

निवडणूक लागली आहे. एका पक्षाचा प्रचारप्रमुख आज घरी आला. पांढरे बूट, दोन फोन, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘होऊन जाईल’. नाव सांगितलं त्यानं, पण माझ्या लेखी तो होऊन-जाईलच. त्यांना उमेदवारासाठी गाणं हवं आहे. गाजलेल्या सिनेगीतावर शब्द बसवायचा बेत होता, पण त्याचे मालक कोर्टात जायची धमकी देताहेत. म्हणून घाईघाईनं माझ्याकडे.

मागच्या खोलीत कीबोर्डवर मी त्याला पाच-सहा चाली वाजवून दाखवल्या. तो प्रत्येक चालीला मान डोलवत होता आणि फोनमध्ये बघत होता. तेवढ्यात ही दारात आली आणि चौकटीवर ठेका धरून म्हणाली, “ऐक ना, ऐक ना, जरा माझं ऐक ना, चहा झाला ना.”

होऊन-जाईलनं दोन्ही फोन खाली ठेवले.

“ही कोणाची चाल?”

“माझीच.”

“मग इतका वेळ काय लपवून ठेवलीत, राव? हीच द्या. एकदा ऐकली आणि बसली बघा डोक्यात.”

मी म्हटलं, ती घरगुती आहे, हिच्या उपचारासाठी केलेली. तो म्हणाला, “आम्हालाही घरगुतीच हवंय. आमचा उमेदवार म्हणजे घरचा माणूस, हीच तर लाइन आहे. होऊन जाईल.”

तीस वर्षांत माझी चाल ऐकून कोणी फोन खाली ठेवला नव्हता. मी हो म्हणालो. विचार करून सांगतो, असं म्हणता आलं असतं. चहा मात्र गार झाला.

५ फेब्रुवारी

हिला विचारलं. न विचारता काही करायचं नाही असं मी कालच ठरवलं होतं. म्हटलं, “तुझी चाल गावभर वाजेल. लोक म्हणतील, काय चाल आहे! चालेल ना?” ती माझ्याकडे बघत राहिली. मग टेबलावर हात टेकला, ठेका धरला, “ऐक ना, ऐक ना, जरा माझं…” आणि पुढचा शब्द शोधायला थांबली. तेवढ्यात होऊन-जाईलचा फोन आला, कवी ठरला म्हणून. फोन संपवून आलो तर ही खिडकीशी उभी होती. एकंदरीत खूश दिसली.

११ फेब्रुवारी

गाणं रेकॉर्ड झालं. शब्द त्यांच्याच माणसाचे: ‘आपला हा, आपला हा, घरचा माणूस आपला हा’. शब्दांत राम नाही, पण चालीत तंतोतंत बसले आहेत. कोरसला सहा गळे, वर टाळ्या, आणि ठेका मी मुद्दाम टेबलावर हातानंच दिला. तो माइकमध्ये इतका छान आला की रेकॉर्डिस्टनंही विचारलं, कुठलं वाद्य आहे म्हणून.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आईची चाल दिलीस?” मी म्हटलं, आईची म्हणजे काय, केली मीच. “बरं,” म्हणाली, आणि क्लास आहे म्हणून फोन ठेवला. हल्लीच्या मुलांना राजकारणाचं वावडंच.

१९ फेब्रुवारी

काय सांगू! गावात दुसरं काही वाजतच नाही. प्रचाराची गाडी आमच्या रस्त्यावरून सकाळ-संध्याकाळ जाते, वर चार कर्णे. शाळेतली पोरं दप्तरं बडवत गातात. लोकांच्या फोनची घंटी हीच. न्हावी म्हणाला, “साहेब, तुमचं गाणं कानात शिरलं की निघत नाही,” आणि दाढीचे पैसे घेईना. विरोधकांनीसुद्धा त्याच चालीवर विडंबन काढलंय, ‘कसला हा, कसला हा, घरबुडव्या माणूस कसला हा’. वैऱ्यानं उचलली म्हणजे चाल खरी, असं मी न्हाव्याला म्हणालो. तो वस्तरा थांबवून हसला.

ही जरा दमल्यासारखी वाटते. गाडी आली की खिडकी लावून घेते. आवाज फार मोठा ठेवतात खरा.

२४ फेब्रुवारी

आज गंमत झाली. ही एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती, थेरपिस्ट बाईंनीच सांगितलं आहे जात जा म्हणून. फळीवर ठेका धरून हिनं “ऐक ना, ऐक ना” सुरू केलं, तर दुकानातली गिऱ्हाइकं एका सुरात “आपला हा, आपला हा” गायला लागली. टाळ्या काय, शिट्ट्या काय! दुकानदारच मला सांगत होता. “वहिनी फेमस झाल्या,” म्हणाला.

ही पिशवी रिकामीच घेऊन आली. साबण आणायला गेली होती. मी म्हटलं, अगं, लोकांनी कौतुक केलं, त्यात काय एवढं! तिनं पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग मीच जाऊन साबण आणला.

२८ फेब्रुवारी

चार दिवस हिच्या तोंडून शब्द नाही. पुन्हा बोट दाखवणं सुरू झालं आहे. रुसली असेल. लग्नानंतर एकदा असाच आठवडाभर अबोला धरला होता, तेव्हाही कारण मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

२ मार्च

लिहवत नाही, पण लिहितो.

सकाळी मी मागच्या खोलीत गाण्याचा छोटा तुकडा कापत होतो, फोनवर पाठवण्यासाठी त्यांना हवा होता. हेडफोन एका कानावर होता. न्हाणीघरातून हिचा आवाज आला. “आपला हा, आपला हा, घरचा माणूस आपला हा.” मला हसू आलं. मनात म्हटलं, चला, रुसवा गेला, बाईसाहेबही गुणगुणायला लागल्या. तिनं पुन्हा गायलं. मग पुन्हा, आधीपेक्षा मोठ्यानं. मी कापाकापी चालूच ठेवली. ठेकासुद्धा ऐकू येत होता, बादलीवर. एका ठिकाणी ती लयीत पुढे धावते आहे एवढं माझ्या कानानं टिपलं. माझा कान!

तुकडा पाठवून मी उठलो, तर ही ओल्या फरशीवर बसलेली, एक हात अंगाखाली अडकलेला, ओठ पांढरे. मला पाहिलं तरी तोंडातून तेच येत होतं. तिला ‘ऐक ना’ म्हणायचं होतं. ‘पडले’ म्हणायचं होतं. प्रत्येक वेळी तोंड उघडायची, ‘आपला हा’ बाहेर पडायचं आणि तिच्याच डोळ्यांत भीती दिसायची. शेवटी उरल्या हातानं तिनं आपलंच तोंड दाबून धरलं.

मनगट मुरगळलं आहे, मोडलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. मी मान हलवली.

३ मार्च

थेरपिस्ट बाई आल्या. मला वाटलं होतं ओरडतील, पण नाही ओरडल्या. शांतपणे समजावलं, तेच वाईट होतं. म्हणाल्या, “हिचे शब्द त्या चालीला चिकटून बाहेर येत होते. आता त्याच चालीला दुसरे शब्द चिकटले आहेत आणि रस्त्यावर दिवसभर घोटले जाताहेत. सरावात कर्ण्याशी कोण बरोबरी करणार? चाल सुरू झाली की जे जास्त घोटलंय तेच बाहेर पडतं.”

मी विचारलं, हे थांबल्यावर परत येतील का? त्यांनी सांगता येत नाही म्हटलं. मग विचारलं, “मला न विचारता का दिलीत हो?”

हिला विचारलं होतं, असं सांगणार होतो. तोंड उघडलं, आणि ती टेबलावर हात ठेवून पुढचा शब्द शोधत उभी होती ते दिसलं. तिनं हो म्हटलंच नव्हतं. तिला दोन मिनिटं हवी होती. मी फोन घेतला.

बाईंना म्हटलं, चूक झाली.

४ मार्च

लेक रजा टाकून आली. हात गळ्यात बांधलेल्या आईला पाहिलं, आणि माझ्याशी बोलली ती थेट जेवण झाल्यावर.

“तू वीस चाली करू शकतोस, बाबा. तिला एकच होती.”

मी म्हटलं, मला काय माहीत असं होईल! कोणालाच माहीत नव्हतं.

“तिला माहीत होतं. खिडकी कोण लावून घेत होतं?”

मी उठून भांडी घासली.

५ मार्च

पक्षाच्या कचेरीत गेलो. पायऱ्यांवर झेंड्यांचे गठ्ठे, आत सगळीकडे माझंच गाणं. होऊन-जाईलनं मिठीच मारली, “या, या, आमचे स्टार!” मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. खुर्ची जवळ ओढली, पाणी मागवलं, वहिनींची चौकशी केली. मग म्हणाला, “पण शेवटचा आठवडा आहे. आता गाणं थांबवणं म्हणजे लग्नात नवरदेव मागं घेण्यासारखं आहे.”

“माझी चाल आहे,” मी म्हटलं.

“होती. आता लोकांची झाली. आणि विरोधकही वाजवताहेत, त्यांना कोण थांबवणार? मी एक करतो. आपली गाडी तुमच्या रस्त्यानं येणार नाही. होऊन जाईल.”

शब्द पाळला त्यानं. संध्याकाळी गाडी पलीकडच्या रस्त्यानं गेली. तिथून आवाज थोडा कमी येतो, शब्द मात्र स्पष्ट येतात. माझं मिक्सिंगच तसं आहे, लांबवर शब्द कळावेत म्हणून मी खास मेहनत घेतली होती.

९ मार्च

दोन दिवस खपून नवी चाल केली. वेगळे सूर, वेगळा ठेका, कुठल्याही कर्ण्यावर कधी न वाजलेली. बाईंनीच सांगितलं होतं, जुनी सोडा आणि नवी पाटी घ्या. कोणाला ऐकवली नाही, मनातसुद्धा हळू म्हणत होतो.

आज हिच्यासमोर बसलो. म्हटलं, ही फक्त तुझी, शपथ घेतो. पहिला सूर लावला, आणि तिनं पुढे होऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. रागानं नाही. लहान मुलानं माती खाऊ नये म्हणून ठेवतात तसा. मी गप्प झालो तरी हात तसाच होता. त्या हाताला साबणाचा वास येत होता. मग ती उठून आत गेली.

नवी चाल कीबोर्डमधून पुसून टाकली. डोक्यातून पुसायची सोय नाही.

१३ मार्च

मतदान. विरोधी उमेदवाराला मत दिलं. त्याचं काम मला ठाऊक नाही, माणूस कसा आहे तेही ठाऊक नाही. हे पडले तर गाणं पडेल, एवढाच हिशेब. केंद्राबाहेर एकानं ओळखलं आणि म्हणाला, “तुमचं मत काय, विचारायलाच नको!”

ही आली नाही. लेकीनं विचारलं, तर मानेनंच नाही म्हणाली.

१६ मार्च

जिंकले. मोठ्या फरकानं. होऊन-जाईल टीव्हीवर म्हणाला की गाण्यानं हवा केली. विजयाची मिरवणूक आमच्याच रस्त्यावरून गेली, मी घरी असेन म्हणून मुद्दाम वळवलेली. दाराशी थांबून नवीन साहेबांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि शंभरेक माणसं एका सुरात गायली. मी हात जोडून उभा राहिलो. लेक आत आईच्या कानांवर उशी दाबून बसली होती.

पाहुणे गेल्यावर हार कुठे टाकावा ते कळेना. जिन्याखाली ठेवला आहे.

२ एप्रिल

लेकीनं जवळच्या तलावावर बदली मागून घेतली, मिळाली. आता इथेच राहते. गाणं विरत चाललं आहे, पण अधूनमधून कोणाचा तरी फोन वाजतो आणि हिचे खांदे आखडतात.

एक दिवस हिला म्हटलं, मी माफी मागतो. तिनं माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. माफ केलं की नुसतं बटण लावलं, हे विचारायची सोय मीच ठेवली नाही. पूर्वीची ही असती, तर एका वाक्यात गार केलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. ते वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

१९ एप्रिल

दुपारी चार ते पाच मला बैठकीच्या खोलीत यायला बंदी आहे. बाईंचा हुकूम. तेव्हा लेक आणि ही दार लावून बसतात. काय चालतं ते मी विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात बसतो आणि लसूण सोलतो. घरात लागतो त्याच्या दुप्पट लसूण सोललेला आहे.

३ मे

आज ऐकू आलं. मी कान लावला नव्हता, दाराला फट राहिली होती.

आधी लेकीचा आवाज, तोच तलावावरचा, सपाट, ज्याला चाल म्हणताना माझी जीभ अडखळते. एक वरचा स्वर, एक खालचा, तोही जागेवर नाही. मग हिचा आवाज. त्याच दोन स्वरांवर, तसाच बेसूर. हिचा सूर किती पक्का आहे, पण लेकीचा होता तसाच्या तसा उचललेला. मांडीवर ठेका. “पाणी… हवं.” “खिडकी… उघड.” थांबत थांबत, पण प्रत्येक शब्द आपल्या जागी. सव्वादोन महिन्यांनी!

मी सुरी खाली ठेवली. उठून आत जावं, तिचे हात धरावेत असं फार वाटलं. दारापर्यंत गेलोही.

लेक म्हणत होती, “वा, आई! बाबाला बोलावू? त्याला ऐकव ना.”

मग मांडीवर ठेका पडला, आणि त्याच दोन स्वरांवर, हळू, नीट शब्द शोधून, हिनं आजवरचं सगळ्यात लांब वाक्य म्हटलं.

“बाबाला… नको. तो… घेईल.”

मी आवाज न करता मागे आलो. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला, भांड्यांचा ढीग खाली घेतला, जोरजोरात घासायला लागलो. माझा कान वाईट आहे, एकदा ऐकलेलं सोडत नाही. पाच वाजेपर्यंत नळ सोडून ठेवला.